कापलेला संबळ

दत्तू गेल्याचं मला सारोळ्यात एका लग्नाच्या मांडवात कळलं. मी लाउडस्पीकरचे कर्णे बांधून घेत होतो. उत्रोलीचा एकजण एस्टीतून उतरला आणि म्हणाला, "शेट, तुमचा गिटारवाला गेला." मी हातातली दोरी सोडली नाही. आता विचारायचं कुणाला, एवढंच मनात आलं...

भोरात माझा लाउडस्पीकरचा धंदा आहे, शून्यातून उभा केलेला. उत्रोलीच्या दत्तूनं चार पोरं जमवून गिटार, ड्रम आणि संबळ एकत्र वाजवायला घेतला, तेव्हा लोक हसले. मी हसलो नाही. मुंबईच्या रेकॉर्ड कंपनीशी घासाघीस मीच केली. घाटात बंद पडलेल्या एस्टीचं त्यांचं पहिलं गाणं असं चाललं, की वेल्ह्यापासून कामथडीपर्यंत त्याच्याशिवाय वरात हलत नसे.

दुसरं गाणं भातलावणीचं. आधी बराच वेळ नुसता संबळ, मग गिटार. रेकॉर्ड येईपर्यंत ते कुठंही वाजवायचं नाही, अशी माझी सक्त ताकीद होती. ऐन वेळी कंपनीवाले म्हणाले, एका बाजूवर एवढं मावत नाही. मी म्हणालो, संबळ काढा. दत्तू लालबुंद झाला.

"शेट, दार काढून घर इकताय व्हय?"

"मग बस तुझं दार उराशी धरून!" मी ओरडलो. संबळ गेला.

रेकॉर्ड आली आणि पुण्याच्या एका साप्ताहिकानं ती सोलून काढली. पहिल्या गाण्यातलं गाव दुसऱ्यात हरवलं, नुसती शहरी नक्कल उरली, वगैरे. ते मी गिळलं असतं. पण शेवटी लिहिलं होतं, 'या गाण्याच्या तोंडाशी संबळ होता. तो कुणी कापला?' हे त्या गृहस्थाला कसं ठाऊक? कंपनीवाले आपल्याच मालाची बदनामी कशाला करतील? बाकीची पोरं दत्तूला विचारल्याशिवाय पाणीसुद्धा प्यायची नाहीत. म्हणजे...

गाणं पडलं, पार्टी मोडली. मी दत्तूला भोरच्या स्टँडवर धरलं. "तूच सांगितलंस त्याला."

"म्या तोंड उघडलं न्हाई," तो म्हणाला आणि चालू लागला. पुढं आम्ही भेटत राहिलो, त्याच्या भावाच्या लग्नाला कर्णे मीच लावले. तो विषय मात्र दोघांनीही काढला नाही. माझा संशयही गेला नाही.

दहावं झाल्यावर उत्रोलीला गेलो. दत्तूच्या बायकोला, शांतावहिनींना, सरळ विचारलं. शोभत नव्हतं, तरी विचारलं.

"आला हुता की त्यो पेपरवाला हितं, रेकॉर्ड ऐकाया," वहिनी म्हणाल्या. "च्या पिऊन गेला. ह्यांनी चकार शब्द काढला न्हाई."

"मग कळलं कसं त्याला?"

वहिनी उठल्या, त्यांनी रेकॉर्ड चढवली. एका हातात पिन तशीच अधांतरी धरली आणि दुसऱ्या हाताची बोटं लाकडी फळीवर वाजवू लागल्या... अख्खा संबळ, सुरुवातीपासून. तो संपला तशी पिन टेकवली. गिटार नेमकी जागेवर आली.

"हे असंच लावायचे," त्या म्हणाल्या. "पाव्हणा असला तरी."

याला सांगणं म्हणायचं की नाही, हे भांडण मी दत्तूशी अजून भांडतो. तोंड उघडलं नाही, हे खरं. पण बोटांचं काय? लई बेरकी माणूस.

परवा कामथडीच्या मांडवात कुणीतरी ते गाणं मागितलं. मी रेकॉर्ड लावली, पिन उचलली आणि तशीच धरून उभा राहिलो. लोक ओरडायला लागले, "शेट, लावा की!" संबळ पुरा झाल्याशिवाय मला ती टेकवता येईना.