डिकीतला ओघळ

बोलेक प्रुखनिकनं माझ्यादेखत पहिला माणूस बडवला, तेव्हा मी त्याच्या शेडच्या दारात नोकरी मागायला उभी होते. क्लीव्हलंडहून आलेला एक दलाल साधी गाडी मोठ्या इंजिनाची म्हणून खपवायला बघत होता. बोलेकनं त्याची मानगूट धरली आणि तोंड बॉनेटवर आपटलं. दोनदा. दुसऱ्या वेळी दात सिमेंटवर पडल्याचा आवाज मी ऐकला. मग चिंधीला हात पुसत तो माझ्याकडे वळला.

"रंग मारता येतो?"

"तुमच्यापेक्षा बरा."

"मग लाग कामाला. आधी ते रक्त पूस. ओरिजिनल रंगाला डाग धरतो."

तेव्हापासून तो मरेपर्यंत चोवीस वर्षं मी त्याच्याकडे रंग मारला. लोक विचारतात, असल्या रानटी माणसाजवळ राहिलीस कशी? मला त्या प्रश्नाचा राग येतो. बोलेक रानटी होताच. त्याचं नाक तीनदा मोडलेलं होतं, आणि बारमध्ये त्याच्या शेजारच्या खुर्चीवर ओळखीचं कोणी बसत नसे. पण गाडीबद्दल तो खोटं बोलला असं आमच्या हॅमट्रॅमक गावात कोणी म्हणू शकलं नाही. खोटं तो एकदाच बोलला, आणि ते माझ्यासाठी. ते सांगायलाच बसले आहे.

सत्तर साली बोलेक आणि त्याचा धाकटा भाऊ काझिक इथल्याच गाड्यांच्या कारखान्यात एका लाइनीवर होते. काझिक वेल्डिंग करायचा, बोलेक पुढे सीट बसवायचा. कारखाना बंद पडला, पाडला गेला, आणि त्यातून निघालेल्या दांडग्या गाड्यांना सोन्याचा भाव आला. त्यातली बॅराकुडाच घ्या. सांगाडा एकच, पण आत साधं इंजिन असेल तर ती जुनी गाडी, आणि हेमी नावाचं दांडगं इंजिन असेल तर तिच्या किमतीत आमच्या गल्लीतली चार घरं येतील. हेमीची म्हणून निघालेली गाडी ओळखायची ती पत्र्यावर ठोकलेल्या नंबरावरून. म्हणून जळक्या, चेपलेल्या हेमीचा नंबर पत्र्यासकट कापायचा आणि साध्या गाडीत जोडायचा, हा धंदा जोरात होता. जोडलेलं डोळ्यांना दिसत नाही. बोलेक डोळे मिटायचा, बोटांवर थुंकायचा आणि पत्रा चाचपायचा. रंगाखालची शिवण त्याच्या बोटांना कळायची.

त्याची एक अट होती. गाडी तपासायला आणायची तर हातोडा कबूल करायचा. गाडी खरी निघाली तर सहीचा कागद. खोटी निघाली तर तो बनावट नंबर तिथल्या तिथे छिन्नीनं ठेचणार, म्हणजे पुढच्या कोणाला ती गाडी विकता येणार नाही. हातोडा त्याच्या हातात मी द्यायची. मोठमोठी माणसं ठोक्यागणिक रडताना मी पाहिली आहेत. एकानं तर पिस्तूल काढलं होतं. बोलेकनं त्याचं मनगट मोडलं आणि उरलेला नंबर ठेचून पुरा केला.

आता माझं पाप. चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात मी चार्जर नावाची एक गाडी रंगवली. सहा आठवडे खपले होते. बोलेकनं गिऱ्हाइकांसमोर डिकीत हात घातला आणि खो खो हसला.

"बये, रंग झकास आहे. पण इतका चांगला रंग कारखान्यात कोणाच्या बापानं मारला नव्हता. सोमवारी अर्धी लाइन पिऊन असायची. डिकीच्या ह्या कोपऱ्यात ओघळ यायचाच. तुझ्या गाडीला ओघळ कुठाय?"

सगळे हसले. माझ्या कानशिलात आग पेटली. मी कोपरा घासून परत रंगवला, पण रंग फवारायची गन हातात आली की ओघळ सोडवेना. घाण काम मला जमतच नाही.

पंधरा दिवसांनी काझिक माझ्या घरी आला. बरोबर गरम सॉसेज आणि बिअर. त्याच्या गॅरेजात एक केशरी बॅराकुडा होती, जळक्या हेमीचा नंबर तिच्या डिकीच्या काठाला जोडलेला. त्यानं काही लपवलं नाही.

"त्याला फसवेल असा रंग ह्या गावात फक्त तू मारू शकतेस, रोवेना. सगळ्यांदेखत हसला ना तुला? आता तू हस."

मी पैसे घेतले नाहीत. मला फक्त एकदा, एकदाच, बोलेकला चुकलेला बघायचं होतं. मी रंग मारला, आणि असा मारला की गन ठेवल्यावर स्वतःशीच हसले.

ऑक्टोबरात काझिकनं गाडी शेडमध्ये आणली. बरोबर टोलेडोचे एक दातांचे डॉक्टर होते, लेमॉइन म्हणून, घर गहाण टाकून गाडी घ्यायला निघालेले. सकाळचे दहा वाजले होते. बोलेकनं डिकीचं झाकण उघडलं, काठाचं रबर सोललं, डोळे मिटले. वरून बोटं फिरवली. काही नाही. मला हसू फुटत होतं. मग त्यानं हात काठाच्या खालच्या बाजूला घातला, जिथं घासायचं मशीन पोचत नाही, आणि बोटं थांबली. तिथून ती सरकत कोपऱ्यात गेली, जिथं ओघळ असायला हवा. तिथं जरा जास्तच वेळ राहिली. त्यानं डोळे उघडून आधी माझ्याकडे पाहिलं, मग भावाकडे.

"खोटी," तो म्हणाला. "वेल्डिंगच्या लाटा उलट्या पडल्यात. डावखुऱ्याचा हात. आपल्या लाइनीवर डावखुरा एकच होता."

"बोलेक, भाऊ आहे मी तुझा."

"म्हणून तर लाज वाटते. रोवेना, हातोडा."

मी दिला. पहिला ठोका बसला आणि काझिक पाना घेऊन धावला. पाना बोलेकच्या कानावर लागला, कान फाटून लोंबायला लागला. बोलेकनं त्याला डोक्यानं धडक दिली. दोघं गाडीच्या मागच्या अंगावर आदळले, केशरी रंगावर रक्ताचा पट्टा उमटला. डॉक्टर भिंतीला चिकटले होते. बोलेक सत्तावन्न वर्षांचा, एका कानानं बहिरा झालेला, रक्तावरून पाय घसरून गुडघ्यावर आला आणि उठायला म्हणून त्यानं उजव्या हातानं डिकीचा काठ धरला. काझिकनं झाकण खाली आपटलं.

तो आवाज मी सांगणार नाही.

"माझ्या एकट्याचंच नाव घेतोस?" काझिक झाकणावर छातीनं रेलून ओरडत होता. "रंग कोणाचा ते सांग की! कोपरा चाचपलास ना? सांग डॉक्टरला!"

बोलेकचा चेहरा राखेसारखा झाला होता. "कारखान्याचा," तो म्हणाला.

काझिकनं झाकण उचललं आणि पुन्हा आपटलं. "कोणाचा?"

"कारखान्याचा."

"कोणाचा, भडव्या?"

"कारखान्याचा आहे. ओरिजिनल."

मी तीन पावलांवर उभी होते. 'माझा' हा एवढासा शब्द. मी तोंड उघडलंसुद्धा. पण त्या गावात मला दुसरा धंदा नव्हता, आणि बोलेकच्या शेडमधून खोटा ठरून बाहेर पडलेल्या माणसाला कोणी अंगणाचं फाटकही रंगवायला देत नव्हतं. मी भित्री निघाले. झाकण पुन्हा वर गेलं तेव्हा खाली पडलेला हातोडा मी उचलला आणि काझिकच्या खांद्यात घातला. हाड मोडलेलं मला दांड्यातून कळलं. तो कोसळला. तो विव्हळत असतानाही मी बोलले नाही.

बोलेकनं डावा हात पुढे केला. मला वाटलं, उठवायला. "हातोडा," तो म्हणाला. डाव्या हातानं, छिन्नीशिवाय, तीन-चार ठोके हुकवत त्यानं तो नंबर पुरा ठेचला आणि मग बेशुद्ध पडला.

काझिक तुरुंगात गेला. कोर्टात त्यानं माझं नाव घेतलं, पण बोलेकनं शपथेवर नाही म्हटलं, आणि काझिकवर विश्वास कोण ठेवणार? डॉक्टरांचं घर वाचलं. दर नाताळात ते बोलेकला एक दारूची बाटली पाठवत. बोलेकची मधली दोन बोटं कापावी लागली. उरलेली वाकेनात, आणि वाईट म्हणजे त्यांना काही कळेना. सिगारेटनं भाजलं तरी वास आल्यावर समजायचं. तपासणी संपली. आम्ही नुसत्या गाड्या दुरुस्त करत राहिलो.

वर्षभर मी गिळून बसले. एका दुपारी जेवताना माझ्याच्यानं राहवेना.

"तो रंग माझा होता."

"ठाऊक आहे. खाऊन घे."

"मग बोलला का नाहीस?"

"काझिक पैशासाठी चोर झाला. तू माझ्यावरच्या रागानं झालीस, आणि तो राग मी चारचौघांत हसून तुला दिला होता." मग वाकडं हसला. "ओघळ तेवढा सोडायचास, बये. मेलो असतो तरी तुझा हात ओळखला नसता."

मी रडले. त्यानं माझ्या ताटातला बटाटा उचलून खाल्ला.

शेवटची गाडी आम्ही त्याच्यासाठीच केली. हिरवी बॅराकुडा, साध्या इंजिनाची, सगळं खरं. डिकीचा कोपरा रंगवताना मी गन धरली त्या जागी, मनात तीन आकडे मोजले, आणि हलले नाही. रंग जमला, फुगला आणि ओघळला. मला कसंसंच झालं, पण मी तो पुसला नाही.

रंग वाळल्यावर बोलेक आला. सवयीनं त्यानं डोळे मिटले, बोटांवर थुंकला आणि हात कोपऱ्यात घातला. ती मेलेली बोटं तिथं फिरत राहिली. ओघळ बरोबर त्यांच्याखाली होता.

"ओघळ आहे का गं?" त्यानं डोळे न उघडता विचारलं.

"आहे."

ह्या माणसानं जन्मात कोणाच्या शब्दावर गाडी खरी मानली नव्हती. त्यानं मान हलवली, हात बाहेर काढला आणि झाकण सावकाश लावून घेतलं.