मैदानाची कोरडी बाजू

अंतिम सामना आपण का हरलो, याची आमच्याकडे प्रत्येकाजवळ वेगळी कथा आहे. न्हाव्याच्या मते पंचच फितूर होता. औषधवाल्याच्या मते आमच्या मुली आदल्या दिवसापासूनच चषक घरी आणल्यासारख्या मिरवत होत्या. बाकी सगळ्यांच्या मते माझ्या भाचीने घात केला. खरं कारण रोज सकाळी माझ्यासमोर बसून चहा पीत होतं आणि मला पत्ता नव्हता.

आमचे हे हॉकीच्या मैदानावर पाणी मारायच्या कामाला होते. कृत्रिम गवताचं मैदान. सामन्याआधी आणि मध्यंतरात भिजवावं लागतं, नाहीतर चेंडू अडखळतो, उसळतो. कडेचे मोठे फवारे, पंपाची खोली, सगळं ह्यांच्या ताब्यात. मैदानावर सगळे त्यांना बंब म्हणायचे. घरातला नळ महिनाभर गळला तरी हे ढुंकून बघत नसत, पण मैदानाच्या कोपऱ्यात हातभर जागा कोरडी राहिली की अर्ध्या जेवणावरून उठून धावायचे. मी म्हणायचे, "त्या गवताशीच लग्न लावायचं होतं."

"गवत उलट बोलत नाही," हे म्हणायचे.

भाची म्हणजे ह्यांच्या बहिणीची मुलगी. मैदान जवळ म्हणून शाळेपासून आमच्याकडेच वाढली. पेनल्टी कॉर्नर मिळाला की गोलरेषेवरून चेंडू बाहेर उभ्या असलेल्या मुलींकडे ढकलायचं काम तिचं. टाळ्या गोल मारणारीला, ढकलणारीला कोण विचारतो? पण ह्यांनी तिला ते फार हौसेने शिकवलं. गच्चीवर ओली गोणपाटं अंथरून मामा-भाचीची खटखट चालायची आणि खालच्या मजल्यावरचे शेजारी माझ्या नावाने शंख करायचे.

त्या वर्षी आमचा संघ असा जमून आला होता की विरुद्ध बाजूने पैज लावायला कोणी मिळेना. अंतिम सामनाही आमच्याच मैदानावर. धास्ती एकच होती. समोरच्या संघाची पुढची फळी वाऱ्यासारखी पळायची, आणि ओल्या मैदानावर तर त्या मुली कुणाच्या बापाला ऐकत नसत. शिवाय भाचीसाठी प्रश्न नुसत्या चषकाचा नव्हता. राष्ट्रीय संघाचे निवडकर्ते येऊन बसणार होते. ह्यांना अन्न गोड लागेना.

तेव्हा ह्यांनी जन्मात कधी केली नव्हती ती लबाडी केली. पहिल्या सत्रात पाहुण्या मुली ज्या गोलावर चढाई करणार होत्या, त्या बाजूचे फवारे लवकर बंद केले. मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात. तोवर तिथे भरपूर पाणी मारायचं आणि आमच्या मुलींना ती बाजू ओलीचिंब करून द्यायची, असा बेत. पहिलं सत्र अगदी मनासारखं गेलं. पाहुण्यांचे पास मध्येच मरत होते. गोल कोणाचाच झाला नाही.

आणि मध्यंतरात प्रमुख पाहुण्यांना हुक्की आली. साहेब स्वतः मैदानात उतरले, एकेका मुलीशी हात मिळवू लागले, फोटो काढून घेऊ लागले. हे पंपाच्या खोलीच्या दारात उभे, आणि आयोजक लांबून हात हलवून सांगताहेत, साहेब भिजतील, पाणी नको. साहेब बाजूला झाले आणि लगेच शिट्टी वाजली. नंतर लोक म्हणाले, आमच्या आशेवर पाणी फिरलं. फिरलं असतं तर हवंच होतं!

शेवटच्या क्षणी आम्हाला पेनल्टी कॉर्नर मिळाला, त्याच कोरड्या बाजूला. भाचीने चेंडू ढकलला. तो अर्ध्या वाटेत उसळला, मंदावला, आणि आमच्या मुलीपर्यंत पोचायच्या आत समोरची एक जण तो घेऊन सुटली, ती थेट आमच्या गोलापर्यंत. सामना संपला तेव्हा भाची तिथेच गुडघ्यांवर बसली होती. मला वाटलं, रडतेय.

प्रशिक्षकांनी तिला सगळ्यांदेखत झापलं. तिने चकार शब्द काढला नाही. निवडकर्त्यांनी तिच्या नावावर काट मारली, पुढच्या मोसमात आमच्या संघानेही वगळलं. हे तिच्या शेजारी जेवायला बसायचे आणि "नशीब गं" म्हणायचे. मग तिला विमा कंपनीत नोकरी लागली, लग्न झालं, घरात हॉकीचं नाव निघेनासं झालं.

परवा हे निवृत्त झाले म्हणून भाची भेटायला आली. चहा झाला, आणि ह्यांना काय वाटलं कोण जाणे, कप खाली ठेवून सगळं भडाभडा बोलून टाकलं. फवारे, साहेब, सगळं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"अहो, पोरीचा खेळ मातीत घातलात आणि इतकी वर्षं तोंड शिवून बसलात?"

हे रडत होते. भाची म्हणाली, "मामी, राहू दे." मग त्यांच्याकडे वळली. "मला माहीत होतं, मामा. चेंडू स्टिकवरून सुटला तेव्हाच कळलं. खाली बसून हात लावून बघितलं मी. गवत कोरडं होतं."

"मग बोलली का नाहीस?" ह्यांनी विचारलं.

"मी बोलले असते तर तुमची नोकरी गेली असती. म्हटलं, मामा स्वतःच सांगतील. सर माझ्यावर ओरडत होते तेव्हा तुम्ही तिथेच उभे होतात. वाटलं, आता सांगतील. मग वाटलं, उद्या सांगतील. हरल्याचं काही नाही हो, हरतात माणसं. पण मला परत घ्या म्हणायला मी सरांकडे कधी गेलेच नाही. आधी तुम्ही जाल, मग मी जाईन, असं धरून चालले होते."

"आता जातो," हे घाईघाईने म्हणाले. "उद्याच जातो."

"कुणाकडे, मामा?" भाची म्हणाली. "सर तर केव्हाच गेले. आणि माझे गुडघे आता जिना चढताना कुरकुरतात."

हे तिने हसत सांगितलं. ती चिडली असती तर ह्यांनी सोसलं असतं. त्या हसण्यापुढे त्यांनी जी मान खाली घातली, ती भाची निघून गेली तरी वर केली नाही.