वाटणीतला साउंडबॉक्स

अकरा जानेवारी, रविवार. आजचं काम एकच: फोनोची स्प्रिंग बाहेर काढायची, डिझेलमध्ये धुवायची आणि नवं ग्रीस घालून परत बसवायची. आमच्या घरात ग्रामोफोनला फोनोच म्हणतात. स्प्रिंग डब्यातून निसटली तर अंगावर येते, म्हणून हातात जाड मोजे घातले होते. अंगणात वर्तमानपत्र पसरून सगळे भाग ओळीनं मांडले आणि तेवढ्यात बोरगावहून वहिनीचा फोन आला.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या चुलत भावाची बायको. ती सहसा फोन करत नाही. आवाज खाली करून म्हणाली, "उद्या हे साउंडबॉक्स घेऊन निपाणीला लेथवर जाणार हैत. भोक मोठं करून आणायला. मी सांगितलं म्हणू नकोस."

आता हे भोक कुठलं ते सांगते. मी शाळेत होते तेव्हा माझे वडील आणि थोरले काका बोरगावात वेगळे झाले. शेत वाटलं, भांडी वाटली. फोनो एकच होता. मध्यस्थीला बसलेल्या चार जाणत्या माणसांनी डोकं चालवलं. पेटी, कर्णा, तबकडीवर फिरणारा हात आणि तबकड्या आमच्या वडलांना दिल्या आणि साउंडबॉक्स काकांना. साउंडबॉक्स म्हणजे हाताच्या टोकाला बसणारा, गजराच्या घड्याळाएवढा गोल डबा. त्यात अभ्रकाचा पडदा असतो. पिनेची थरथर त्या पडद्यापर्यंत जाते आणि आवाज होतो. तो नसेल तर तबकडी नुसती गरगरते. गाणं ऐकायला तरी भाऊ एकत्र येतील, असा त्या चौघांचा हिशेब होता. कोणी आलं नाही. पुढं वडील शहरात आले; खासबागेतल्या आमच्या घरी त्या पेटीवर कापड टाकून वर्षानुवर्षं टेलिफोन ठेवला होता.

गेल्या वर्षी मी ती दुरुस्तीला काढली. मी विज्ञान शिकवते, घरातला मिक्सर आणि पंप मीच खोलते, मोटरची भीती वाटली नाही. अडलं ते साउंडबॉक्सपाशी. "ओरिजिनल" म्हणून दोन मागवले. दोन्ही नवे, चकचकीत आणि हलके. दोन्हींचं तोंड आमच्या फोनोच्या हातापेक्षा रुंद. सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून एक बसवला, तर गाणारी बाई पडसं झाल्यासारखी पत्र्याच्या पिंपातून बोलायला लागली. खरा जोडीचा साउंडबॉक्स बोरगावात होता. भावाकडे मागितला. तो म्हणाला, "वाटणीतली वस्तू हलत न्हाय."

त्यानं मात्र नव्या घराच्या हॉलसाठी पितळी कर्ण्याचा नवा फोनो आणला होता, जुना दिसावा असा केलेला. त्याचा साउंडबॉक्स येतानाच फुटला, म्हणून वाटणीतला जुना लावायचं ठरवलं. नव्या फोनोचा हात जाड, जुन्या साउंडबॉक्सचं तोंड अरुंद. म्हणून भोक मोठं करायचं. इतका जुना ओतीव धातू ड्रिलखाली धरला की बिस्किटासारखा फुटतो. मग तो साउंडबॉक्स ना त्याचा ना माझा.

स्प्रिंग तशीच वर्तमानपत्रावर ठेवली आणि गाडी काढली.

भाऊ नव्या घराच्या सोप्यात बसला होता. चहा व्हायच्या आत म्हणाला, "कशाला आलीस ते म्हाईत हाय. देणार न्हाय."

"देऊ नको. फक्त कापू नको."

"माझी वस्तू हाय. कापीन न्हाईतर चुलीत घालीन."

"कापायचंच तर तुझ्या नव्या फोनोचा हात घासून बारीक कर की."

"नवी कोरी वस्तू घासायची व्हय? मास्तरीण झालीस आणि एवढं कळंना तुला?"

पिशवीतून मी माझा नवा साउंडबॉक्स काढला, हॉलमध्ये जाऊन त्याच्या नव्या फोनोच्या हातावर सरकवला. टाचणीभरही फट राहिली नाही. दोन्ही नकली, एकाच मापाचे. "हा घे कायमचा. तो मला दे."

त्यानं तो काढून उलटासुलटा बघितला आणि परत माझ्यापुढं सरकवला. "न्हाय. तू एवढ्या लांबनं पळत आलीस म्हंजे त्या जुन्यात कायतरी असणार."

इथं माझी चूक कळली. मी जेवढं मागत होते तेवढी त्याची मूठ घट्ट होत होती. वहिनीनं चहा आणला, माझ्याकडे न बघता ठेवला. भावानं भिंतीवरचं घड्याळ बघितलं आणि मोबाइलवरून विहिरीची मोटर बंद केली. विहीर अजून सामाईक आहे. एक आठवडा पाणी त्यांचं, एक आठवडा आमच्या वाटेकऱ्याचं. दुपारी पाळी बदलते आणि त्यात मिनिटाचा घोळ झाला तर भांडण होतं. पण विहिरीवरून आजवर कोणी कोर्टात गेलेलं नाही.

मी म्हटलं, "अण्णा, फोनोची पाळी लावू. सहा महिने सगळा तुझ्याकडं, सहा महिने सगळा माझ्याकडं. पेटीसकट."

त्यानं बशीत चहा ओतला. मग म्हणाला, "पयली पाळी माझी. ह्या महिन्यात वास्तुशांत हाय."

"तुझी."

"पेटी उद्याच आणून द्यायची."

"आणते. पण सामाईक विहीर एकट्याच्या मर्जीनं खोदता येत न्हाय, तसंच हे. कोणी काय कापायचं न्हाय, घासायचं न्हाय."

"व्हय." मग बायकोला ऐकू जाईल असं म्हणाला, "बघ, शेवटी पेटी आपल्याच घरात आली."

मला ते झोंबलं. वर्षभर मी ती पेटी घासली होती आणि पहिल्यांदा वाजणार ती त्याच्या हॉलमध्ये, त्याच्या पाहुण्यांसमोर. तरी उठले. संध्याकाळी घरी येऊन स्प्रिंग बसवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा घेतली, पेटी मागच्या सीटवर गोधडीत गुंडाळली आणि कर्णा पुढच्या सीटला पट्ट्यानं बांधला. बोरगावात पोचले तेव्हा भाऊ दारातच उभा होता. साउंडबॉक्स त्यानं रुमालात बांधून ठेवला होता. मी तो पेटीच्या हातावर सरकवला. पट्टी नको, जोर नको, टक् करून बसला. चावी दिली आणि त्याच्या नव्या फोनोबरोबर आलेली एकुलती एक घासलेली तबकडी लावली. आवाज भरदार आला. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

भाऊ म्हणाला, "आवाज कमी वाटतोय."

"त्याला बटन नसतंय."

तबकडी संपली. तबकडीची एक बाजू वाजली की पिन बदलायची, हे मी त्याला नाही, वहिनीला सांगितलं. मग भावानं गाडीत डोकावून बघितलं.

"तबकड्या कुठं हैत?"

"घरी."

"मग वास्तुशांतीला काय वाजवू? हीच एक?"

"तबकड्या आमच्या वाटणीतल्या, अण्णा. वाटणीतली वस्तू हलत न्हाय." गोधडीची घडी घातली, जुलैत पेटी न्यायला येते म्हणून सांगितलं आणि दुपारच्या तासाला शाळेत हजर झाले.