पहिल्या सीडीपुरती बरी

"तिला पहिलीच सीडी दे. दुसरीत पिक्चरमधली बाई लई चवताळती," सीडी लायब्ररीवाले मामा बायकोला म्हणाले. मी काउंटरपाशीच उभी होते, पण मी फारसं बोलत नाही, म्हणून लोक माझ्याविषयी माझ्यासमोरच बोलतात.

दौंड स्टेशनजवळच्या त्या दुकानात प्रत्येक सिनेमा दोन सीडींचा असायचा. मामा तो आधी स्वतः बघत. हॉरर असला तर मुलींना पहिलीच सीडी देत आणि उरलेली गोष्ट तोंडी सांगत, तीही गोड करून. सीडी अडकली म्हणून एखादं गिऱ्हाईक शिव्या द्यायला लागलं, तरी ते "व्हय साहेब, व्हय" म्हणत हसायचे, आणि सदऱ्याच्या टोकानं ती सीडी इतकी दाबून पुसायचे की अंगठा पांढरा पडायचा.

मी नेलेल्या सिनेमात एक डॉक्टर एका बाईला बंद खोलीत राग बाहेर काढायला लावतो. ती किंचाळते, खुर्च्या फोडते. पहिली सीडी संपते तेव्हा ती खिडकीशी शांत बसलेली असते. डॉक्टर तिचा राग घालवतोय की पोसतोय, हे मला ठरवता येईना. घरी मलाही सगळे शांत म्हणतात.

मी सीडी परत दिली, तेव्हा मामा नेहमीसारखे हसून म्हणाले, "पुढं काय न्हाई, ताई. बरी झाली ती. संसाराला लागली."

दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं होतं. तरी मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मामा, ती बरी नाही झालेली, नुसती गप्प झालीय. दुसरी सीडी द्या."