अंतर्गळ म्हणून सांगितलेलं दुखणं

सोमवारी पहाटे पाच पन्नासला सत्यशीला गोठ्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये पेरू निवडत होती. पिकायला आलेला एका क्रेटमध्ये, कडक दुसऱ्यात. दारात मांडव घातला होता, धाकटा दीर कल्याण याची हळद दहाला होती. पण राहात्याचा बाजार कुणाच्या लग्नासाठी थांबत नाही.

सासू भागूबाई शेडच्या तोंडाशी आली आणि खुंट्याच्या शेळीकडे बघून बोलली, "काही बायांना सांगावं लागतं, आज तरी तोंड शिवून ठेवा म्हनून."

महिनाभर ती सुनेशी अशीच बोलत होती. कधी शेळीकडे बघून, कधी चुलीकडे.

"शेळीला कळलं," सत्यशीला मान वर न करता म्हणाली.

भांडणाचं मूळ एका ऑपरेशनात होतं. तीन वर्षांपूर्वी सत्यशीलाचा नवरा रामहरी याचं एक वृषण काढावं लागलं. कॅन्सर होता. वेळेत कळला, तो बरा झाला. डॉक्टरांनी घरची चौकशी केली तेव्हा निघालं, की सासरे आबाही ऐन तरुणपणी तिथल्याच सुजेनं गेले होते. डॉक्टर म्हणाले, धाकट्या भावाला सांगा. त्याला धोका इतरांपेक्षा जास्त आहे. भागूबाईनं दवाखान्याच्या पायरीवरच ठरवलं, गावात अंतर्गळ, म्हणजे हर्निया, सांगायचं. सासऱ्यांच्या वेळीही तेच सांगितलं होतं. रामहरीनं मान डोलावली. कल्याणलाही अंतर्गळच सांगितला.

महिन्यापूर्वी क्रेट उचलायला वाकलेला कल्याण तसाच अवघडून राहिला. शर्ट वर सरकला आणि कमरेचा पट्टा दिसला. औषधाच्या दुकानात अंतर्गळासाठी मिळतो तो.

"काय न्हाई वैनी, घरातलंच दुखनं हाय. दादाला हुतं तेच. लगीन उरकलं की ऑपरेशन करू. दुखत बी न्हाई, नुसतं जड लागतं."

सत्यशीलानं तिथंच त्याला खरं सांगितलं. त्यानं जाऊन आईला विचारलं. आई म्हणाली, "तिला तुझं लगीन बघवंना. जमिनीत वाटेकरीण नको तिला." त्या दिवसापासून कल्याणनं वैनीच्या हातचा चहा सोडला.

दहाला तो पाटावर बसला. या घरात नवरदेवाला पहिली हळद सख्खी भावजय लावते. मग उरलेली उष्टी हळद नवरीकडे जाते. नवरी निकिता कोपरगावची. हळद न्यायला टेम्पो दारात उभा होता.

वाटी पुढं आली. सत्यशीलानं ती घेतली आणि मांडीवर ठेवली.

"आधी भाऊजींना डॉक्टरकडं न्या. मग हळद."

चुलत नणंद रोहिणी हसली. "मानाची साडी राहिली व्हय वैनी? माग की सरळ!"

"साडी नको. सोनोग्राफी करा."

भागूबाई महिन्यात पहिल्यांदा थेट सुनेशी बोलली. "सटवे, पोराच्या हळदीत माती कालवायला बसलीस? ऊठ! रोहिणी, तू लाव."

रोहिणीनं वाटीत बोटं बुडवली. कल्याणनं तिचं मनगट धरलं. वैनीला सगळ्यांदेखत खोटं पाडायचं होतं त्याला. मांडवाच्या खांबाशी उभ्या भावाला तो म्हणाला, "दादा, तुला काय झाल्तं? सांग हिच्या तोंडावर."

टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला. रामहरीनं आधी बायकोकडं पाहिलं, रागानंच.

"अंतर्गळ नव्हता," तो म्हणाला. "कॅन्सर हुता. एक काढून टाकलंय. आबांना बी तेच आसनार."

भावकीतला अंगद मागून खिदळला. "मंग पोरं कशी झाली रं?"

"ऑपरेशनच्या आधी," सत्यशीला म्हणाली. "नंतर बी हुत्यात. तू काळजी करू नको."

कल्याण म्हणाला, "हे घरात बोलायचं हुतं."

"महिनाभर घरातच बोलले."

निकिताच्या वडिलांचा फोन आला, हळद कुठं अडली म्हणून. कल्याणनं तो स्वतः घेतला आणि गोठ्यामागं गेला. परत आला तो थेट टेम्पोकडं, आणि ड्रायव्हरला हळद न घेताच जायला सांगितलं.

"रिपोर्ट दाखवा म्हनले. मग बघू," एवढंच तो घरच्यांना बोलला.

दुपारी भागूबाईनं सत्यशीलाची भांडी वेगळी काढून ओट्यावर मांडली. "हिची चूल आजपासनं न्यारी," ती शेळीला म्हणाली. रामहरीनं बघितलं आणि मांडवाच्या दोऱ्या सोडायला गेला.

संध्याकाळी कल्याण ओट्याशी थांबला. "वैनी, तुमी माझं लगीन मोडलं. हे मी इसरनार न्हाई."

"नका इसरू भाऊजी. पर सकाळी उपाशी जावा. पोटाची बी सोनोग्राफी करत्यात."

त्यानं आत जाऊन भावाला विचारलं, "दादा, तू येतूस का?"

"येतो," रामहरी म्हणाला.

सत्यशीलाला कुणी चल म्हणालं नाही. उद्या मंगळवार. रामहरीचं ऑपरेशन झालं त्या नगरच्या दवाखान्यात केसपेपरची खिडकी साडेआठला उघडते.