कोरडे मोजे

दर डिसेंबरात कतारगामच्या एका शाळेच्या सभागृहात माझा दादा भाषण देतो. विषय ठरलेला, हिवाळ्यातल्या डोंगरमोहिमा का फसतात. समोर चाळीसेक पोरंपोरी असतात, जानेवारीत हिमाचलात जाणारी, नव्याकोऱ्या जाकिटांतली. सुरतेच्या उकाड्यात ती जाकिटं अंगावर ठेवायची त्यांची जिद्द बघून मला दरवर्षी हसू येतं. मी शेवटच्या रांगेत बसते. चहा आणि हुरड्याचे पोंकवडे माझ्याकडे असतात, तेवढंच निमित्त.

दादा गुजरातीत बोलतो. पांडेसऱ्याच्या एका कापडमिलमध्ये रंगाईवर सुपरवायझर म्हणून त्याचं आयुष्य गेलं, त्यामुळे प्रत्येक गोष्ट तो रंगाचं प्रमाण सांगावं तशी मोजूनमापून सांगतो. हिवाळ्यात दिवस तोकडा, सूर्य एकदा कड्यामागे गेला की संपलं. थंडी माणूस सोसतो, वारा सोसवत नाही. चढताना घाम आला तर अंगावरचा एक कपडा काढा, नाहीतर थांबल्यावर तोच घाम पाठीवर गोठतो. मग तो चष्मा पुसतो आणि म्हणतो, आपली सुरतवाल्यांची मोहीम फसते ती रजेच्या अर्जात. उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, जोडून रजा घेतलेली, परतीचं तिकीट काढलेलं. हवा बिघडली तरी माणूस वर निघतो, कारण सोमवारी कामावर हजर व्हायचं असतं. यावर पोरं हसतात.

शेवटचं कारण तो हसणं थांबल्यावर सांगतो. एकाची वाट बघत मी बाकीच्यांना चाळीस मिनिटं वाऱ्यात उभं केलं, त्यात माझ्या बहिणीची दोन बोटं गेली. "ए भूल मारी हती." दरवर्षी हेच शब्द, चूक माझी होती. पोरं वळून माझ्या पायांकडे बघतात आणि मी पाय खुर्चीखाली घेते.

ती चूक त्याची नव्हती. हे मला अठरा वर्षं ठाऊक होतं आणि अठरा वर्षं मी गुमान चहा ओतत राहिले.

आम्ही बमरोलीत एका खोलीत वाढलो. वडील धुळ्याकडून सुरतेला यंत्रमागावर आले आणि रातपाळीला लागले ते कायमचे. म्हणजे दिवसभर खोलीत एक माणूस झोपलेला. आम्ही दोघं भावंडं त्यांच्या पायाशी बसून अभ्यास करायचो, कुजबुजत भांडायचो, खोकला आला तर तोंडावर फडकं धरून बाहेर पळायचो. एकदा दारात माझं बोट चेमटलं. सहा-सात वर्षांची असेन. मी हूं की चूं केलं नाही. आईने मला उचलून बाहेर नेलं, रक्त पुसलं आणि विचारलं, "दुखस का माय?" मी मान हलवून नाही म्हटलं. तिने मला छातीशी धरलं. "मनी शानी पोर," म्हणाली, "आपलामुये कोनले तरास नको." त्या दिवशी जेवढं कौतुक झालं तेवढं पुढे बँकेची परीक्षा पास झाले तेव्हाही झालं नाही.

दादाला डोंगराचं वेड लागलं ते साल्हेरवर. मिलमधल्या मित्रांबरोबर गेला आणि त्यानंतर त्याला दुसरं काही सुचेना. मग तो मलाही न्यायला लागला. सुरतेत चढ म्हणून जो काय आहे तो तापीवरच्या पुलांचा. पाठपिशवीत विटा भरून आम्ही सकाळी पूल चढायचो आणि उतरायचो. घर बांधताय का, असं एका भाजीवालीने विचारल्यावर दादा गंभीरपणे म्हणाला, हो, जरा उंचावर. हिमाचलात जाऊन आम्ही दोघांनी रीतसर शिक्षणही घेतलं, पण ते मे महिन्यात. हिवाळा आम्हाला नवा होता.

थंडीची सवय कशी करायची, हा प्रश्न होता. शेवटी बारडोलीच्या रस्त्यावर एका ओळखीच्या माणसाचं बटाट्यांचं कोल्ड स्टोरेज होतं, तिथे आम्ही सहा जण दर रविवारी दोन-दोन तास बसायला लागलो. कानटोप्या, हातमोजे, बूट असा सगळा जामानिमा करून बटाट्यांच्या पोत्यांवर बसायचं आणि थेपले खायचे. मालक अधूनमधून दार उघडून आम्ही जिवंत आहोत ना ते बघून जायचा. दोन महिन्यांत आम्हाला वाटायला लागलं की थंडी म्हणजे किस झाड की पत्ती. तिथे वारा नव्हता, ओलं नव्हतं आणि कंटाळा आला की दार उघडून बाहेर येता येत होतं, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

शिखराचं नाव सांगत नाही. जिथे मी पोचले नाही ते नाव मिरवायला मला आवडत नाही. आम्ही सहा जण होतो, दादा, मी आणि त्याचे चार मित्र. त्यातले एक शाळेतले मास्तर, सगळ्यांत संथ आणि सगळ्यांत गोड स्वभावाचे. शेवटच्या मुक्कामी एका तंबूत मास्तर, दादा आणि मी असे तिघं होतो. संध्याकाळी पाण्यासाठी बर्फ आणायला गेले तेव्हा माझा डावा पाय कमरेपर्यंत रुतला, बुटात बर्फ गेला आणि मोजा भिजला. कोरडे मोजे माझ्या निळ्या पाठपिशवीत तळाशी होते. तंबूत परत आले तर ती पिशवी दादाने उशाला घेतली होती आणि तो झोपला होता.

दिवसभर गुडघाभर बर्फात सगळ्यांच्या पुढे राहून वाट त्यानेच फोडली होती. मी त्याच्या डोक्यापर्यंत हात नेला. तोंड किंचित उघडं, श्वास संथ, अगदी वडील झोपायचे तसा. मी हात मागे घेतला. ओला मोजा पिळला, परत चढवला आणि निजले.

सकाळी निघाल्यावर तासाभराने डाव्या पायाची शेवटची दोन बोटं दुखायची थांबली. थांबली म्हणून मला बरं वाटलं, इतकी मी अडाणी. पहिल्या विसाव्याला दादाने शिस्तीत एकेकाला विचारलं, बोटं कळताहेत का? माझी पाळी आली तेव्हा मी हो म्हटलं. तिथून तंबू फार लांब नव्हता. खरं बोलले असते तर बोटं वाचली असती, पण सगळ्यांना माझ्यामुळे मागे फिरावं लागलं असतं आणि ते मला बोटं जाण्यापेक्षा भयंकर वाटत होतं.

पुढे खिंडीत मास्तरांच्या बुटाखालच्या काट्यांचा पट्टा तुटला. ते मागे राहिले आणि दादाने सगळ्यांना थांबवलं. तीच ती चाळीस मिनिटं. वारा असा होता की बोललेलं ऐकू येत नव्हतं. पण तिथून शिखर दिसलं. ऊन त्याच्यावर आलं होतं, आमच्यावर अजून यायचं होतं. फार तर दोन तासांची चढण उरली होती. मी दादाकडे पाहिलं. तो वर बघत एकटाच हसत होता. इतका आनंदात मी त्याला त्याआधी कधी पाहिलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही.

मास्तर आले, आम्ही निघालो आणि चौथ्या पावलाला मी पडले. उठले, पुन्हा पडले. दादाने माझा बूट उतरवला. बोटं मेणबत्तीच्या रंगाची झाली होती. त्याने जाकीट, स्वेटर, सदरा वर केला आणि माझा पाय आपल्या उघड्या पोटावर घेतला. मग एकदा शिखराकडे बघून त्याने सगळ्यांना खाली वळवलं. सुरतेत आल्यावर डॉक्टरांनी ती काळी पडलेली बोटं काढून टाकली. दादाने दोर, बर्फाची कुऱ्हाड, बूट सगळं वाटून टाकलं आणि नंतर तो सापुताऱ्याच्या वर कधी चढला नाही.

पण हिवाळा सुरू झाला की रोज सकाळी त्याचा मला मेसेज येतो. त्या खोऱ्यातलं तापमान तो फोनवर बघतो आणि मला फक्त आकडा पाठवतो. उणे आठ. उणे चौदा. मी बँकेत जायच्या गडबडीत तो आकडा वाचते आणि डब्याचं झाकण हातात धरून उभी राहते. मला ती खिंड हवी असते. तो वारासुद्धा हवा असतो. दोन बोटं गेली त्याचं दुःख मी केव्हाच विसरले, पण ते दोन तास राहून गेले ते अजून मला छळतात. हे दादाला कधी बोलले नाही, कारण त्याला वाटलं असतं मी त्याला टोचून बोलतेय.

या डिसेंबरात भाषण संपल्यावर पोरांनी दादाला गराडा घातला. सर, तुम्ही चला ना आमच्याबरोबर, निदान खालच्या मुक्कामापर्यंत. दादाचा चेहरा क्षणभर खिंडीत शिखराकडे बघताना होता तसा झाला. मग म्हणाला, "ज्याने एकदा माणसं थांबवून ठेवली, त्याने पुन्हा न्यायची नसतात." तो आता साठीला टेकलाय, गुडघे कुरकुरतात. आता नाही गेला तर कधीच जाणार नाही, आणि त्याच्याशिवाय मीही जाणार नाही, हे मला तिथे चहाच्या पिंपाशी लख्ख कळलं.

शाळेच्या पायऱ्यांवर त्याला बसवून मी सांगून टाकलं. ओला मोजा, सकाळपासून बधिर झालेली बोटं, खोटं बोललेला होकार. कोरडे मोजे त्याने उशाला घेतलेल्या पिशवीत होते, हे सगळ्यांत शेवटी सांगितलं. इतकी वर्षं मी गप्प राहिले त्याचं हेच कारण होतं. खरं सांगून त्याचं एक ओझं उतरवायचं, तर दुसरं त्याच्याच डोक्यावर चढत होतं. दादाने ऐकून घेतलं. रिकामं पिंप स्कूटरवर बांधून दिलं आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी आकडा आला नाही. त्यानंतरही नाही. जानेवारीत पोरांची तुकडी रवाना झाली, स्टेशनवरही दादा गेला नाही. मी रोज सकाळी फोन बघायची आणि स्वतःवर चिडायची. बऱ्या-वाईट सगळ्या वर्षांत आमच्यात तो एक आकडा होता, तोही मी घालवून बसले होते.

उत्तरायणाला तो माझ्याकडे गच्चीवर आला. आजूबाजूला पतंग, भोंगे, लपेट लपेटचा आरडाओरडा. पाण्याच्या टाकीच्या सावलीत माझ्या शेजारी बसला.

"निळी पिशवी?" त्याने विचारलं.

"हो."

"मंग माले उठाडानं व्हतं ना."

रागावला किंवा रडवेला झाला की त्याच्या तोंडी घरची अहिराणी येते. माझंही तेच होतं. "तू झोपेल व्हता," मी म्हटलं.

त्याने समोरच्या गच्चीवरच्या गर्दीकडे तोंड वळवलं. "नही माय," म्हणाला. "मी जागाच व्हतू."

त्या संध्याकाळी त्याच्या पायांत गोळे येत होते. सगळ्यांना धड वर नेता येईल की नाही, या धास्तीने डोळ्याला डोळा लागत नव्हता. म्होरक्याच जागा आहे हे कळलं तर आम्ही घाबरू, म्हणून तो डोळे मिटून निपचित पडला होता. माझा हात डोक्याशी आला तेही त्याला कळलं होतं. त्याला वाटलं, मी त्याची कानटोपी सारखी करतेय. डोळे उघडले तर ही विचारेल, झोप येत नाही का, म्हणून त्याने ते आणखी घट्ट मिटले.

आम्ही दोघंही एकाच खोलीत वाढलो होतो. मला हसू आलं आणि हसता हसता मी रडायला लागले. पतंगाच्या नादात कुणाचं आमच्याकडे लक्ष नव्हतं.

"दादा, माले जानं शे," मी म्हटलं. "तुनासंगे." हे एवढं मी आयुष्यात कुणाकडे मागितलं नव्हतं.

त्याने वाकून माझी डावी चप्पल काढली, पाय आपल्या मांडीवर घेतला आणि उरलेल्या बोटांतलं कडेचं बोट अंगठ्याने दाबलं. "कयस का?" कळतंय का, तोच पहिल्या विसाव्याचा प्रश्न.

ते बोटही त्या दिवसापासून बधिरच आहे. मी कुणालाही सांगितलेलं नाही, डॉक्टरांनाही नाही.

"नही," मी म्हटलं.

त्याने मान डोलावली आणि पुढचं दाबलं. "आनि हाई?"

"हा. हाई कयस."

अंगठ्यापर्यंत एकेक बोट त्याने तसंच तपासलं. मग खिशातून फोन काढून डोळ्यांजवळ धरला. "उणे तेरा," म्हणाला. माझा पाय त्याच्या मांडीवरच होता.