निवटीच्या बिळावरची टाच

रत्नागिरीला आम्ही गेलो ते लग्नाला. लग्न माझ्या मेव्हण्याच्या बहिणीचं. मेव्हणा म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. कल्याणच्या चाळीत वाढलेला, दवाखान्यात रक्त तपासणारा, सगळ्यांशी गोड बोलणारा. गोड बोलतो हा माझा त्याच्यावरचा पहिला राग. दुसरा राग असा, की माझ्या बाबांना तो बाबा म्हणतो. बारा वर्षं झाली, तरी ते ऐकलं की मला टोचतं.

गाडी माझी होती. पण शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्येच मी वैतागलो आणि चावी त्याच्या हातात दिली. बाबा लगेच मागच्या सीटवरून उठून पुढे त्याच्या शेजारी जाऊन बसले. मी चालवत होतो तोवर त्यांना मागेच बरं वाटत होतं. पेणपासून दोघांच्या गप्पा रंगल्या आणि मी मागे, बायको आणि बहिणीच्या मधे, सामानाच्या पिशवीसारखा बसून राहिलो.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बायका आहेर आवरत होत्या. आम्हा तिघांना काही काम नव्हतं. तिथलं माशांचं संग्रहालय बघायला जाऊ, ही कल्पना माझी, हे मुद्दाम सांगतो. डोंबिवलीच्या पश्चिमेला खाडीकाठी आमचं गाव. बाबांनी तरुणपण त्या खाडीत काढलं. आता आमच्याच जमिनीवर सात मजली इमारत उभी आहे आणि तिसऱ्या मजल्यावर बाबा दिवसभर टीव्ही बघतात. खाडीबद्दल माझ्याशी ते एक अक्षर बोलत नाहीत. वाटलं, मासे बघून तरी बोलतील.

आत शिरल्यावर देवमाशाचा भलामोठा सांगाडा होता. मी आदल्या रात्री मोबाइलवर सगळं वाचून ठेवलं होतं. बाबांना बरगड्या दाखवल्या, जबडा दाखवला. बाबा म्हणाले, “हं.” कासवापाशीही “हं.” शार्कपाशीही “हं.” मी प्रत्येक पाटी मोठ्याने वाचत होतो. एक अनोळखी कुटुंब थांबून माझं ऐकू लागलं, पण बाबा पुढे सरकत राहिले.

मग एका बरणीपाशी ते थांबले. पिवळट पाण्यात बोटाएवढा मासा, डोळे थेट डोक्यावर. निवटी. आमच्या खाडीतला मासा. मी पुन्हा पाटी वाचायला घेतली, “हा मासा चिखलात राहतो आणि पाण्याबाहेरही...”

मेव्हण्याने पाटीकडे बघितलंसुद्धा नाही. त्याने विचारलं, “बाबा, ही पकडतात कशी हो?”

बस, एवढंच. माझं वय शेहेचाळीस, आणि हा साधा प्रश्न मी आजवर विचारला नव्हता.

बाबांनी चष्मा काढून खिशात ठेवला. “जाल्यानं नाय,” ते म्हणाले. “हातानं. ओहोटी लागली का चिखलान उतराचा. निवटीचे बिलाला दोन तोंडां असतान. एकाव टाच ठेवाची, घट्ट. दुसऱ्यान हात घालाचा, पार खांद्यापरत. टाच हालली का ती पलाली.”

एवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी मेव्हण्याला फरशीच्या एका चौकोनावर टाच टेकवायला लावली आणि स्वतः गुडघे धरत खाली बसून पुढच्या चौकोनावर हात फिरवू लागले. तिथला रखवालदार धावत आला. त्याला वाटलं, म्हाताऱ्याला चक्कर आली.

“काही नाही दादा,” मेव्हणा म्हणाला, “निवटी पकडतोय.”

बाबा हसले. दात दिसतील असे. मी बरणीच्या काचेकडे बघत उभा राहिलो. माझ्या हक्काचं काहीतरी माझ्या डोळ्यांदेखत दुसऱ्याच्या पदरात पडत होतं. मी जळत होतो, साफ जळत होतो.

“मग सोडलंत का तुम्ही हे?” मेव्हण्याने त्यांना हात देऊन उठवलं.

“दोन मानसां लागतान,” बाबा म्हणाले. “एकाची टाच, एकाचा हात. पोरांची आई व्हती तवर ती चिखलान याची. मंग टाच कोनाची ठेवाची?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. आई गेली तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. त्या उन्हाळ्यात बाबा मला चिखलात घेऊन गेले. माझा घोटा धरून त्यांनी टाच बिळावर टेकवली आणि वरून दाब दिला. चिखल गार होता. खाली काहीतरी वळवळलं आणि मी पाय काढून घेतला. “मला नाही यायचं, वास येतो,” असं मी ओरडलो, शाळेत नुकत्याच शिकलेल्या शुद्ध भाषेत. शाळेत मी सांगायचो की बाबा कंपनीत आहेत. दोन वर्षांनी ते खरंच एमआयडीसीतल्या रंगाच्या कंपनीत लागले. मला त्याचा आनंदच झाला होता.

“अजून मिळतात का आपल्याकडे?” मेव्हण्याचं चालूच होतं.

“हायेत. थोऱ्या. पानी खराब झाला, खावाच्या नाय आता. पन हायेत.”

“मग येत्या रविवारी जाऊ की. टाच माझी.”

“मी पण येतो,” मी म्हणालो. जरा मोठ्यानेच म्हणालो.

बाबांनी माझ्या बुटांकडे बघितलं. त्यांना राग वगैरे काही नव्हता. उलट मायेनेच म्हणाले, “नको रं. तुला वास येतो.”

तरी मी गेलो. रविवारी ओहोटीला आम्ही तिघं गावामागच्या चिखलात उतरलो. बाबांनी वाकून मेव्हण्याचा घोटा धरला, त्याची टाच बिळावर टेकवली आणि वरून दाब दिला. माझ्या हातात बालदी दिली. मग ते पलीकडच्या तोंडाशी आडवे झाले आणि त्यांचा हात खांद्यापर्यंत आत गेला. मेव्हण्याची टाच हलावी म्हणून मी बालदी धरून, देव पाण्यात घालून उभा होतो. ती हलली नाही.